खोटा हात

दिवाळीचा आकाशकंदील उतरवायच्या आत आमच्या ग्रुपवर कबड्डी सुरू होते. ग्रुपचं नाव 'डावी बाजू'. कॉलेजच्या मैदानाच्या डाव्या अंगाला सायकल स्टँडचा एक तुटका कट्टा होता. तिथे बसून आम्ही तीन वर्षं घसा फोडला, म्हणून हे नाव. आता घसे राहिले नाहीत, अंगठे राहिलेत. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचं वेळापत्रक लागलं की सटाण्याहून दत्तूचा पहिला मेसेज अहिराणीत येतो, "यंदा आपलं काय शे?" एकलहऱ्याहून मिलिंद तत्परतेनं उत्तर देतो, "यंदाही काही नाही." मग पुढचा दीड महिना सगळे भांडतात. चांगला चढाईचा पोरगा हातचा गेलाच कसा, नवा प्रशिक्षक पोरांवर ओरडत का नाही, किंवा इतका ओरडतो का. आमच्यापैकी कोणाचं पोर त्या कॉलेजात नाही. आम्हाला तिथे आता वॉचमनही ओळखत नाही. तरी हरलं की 'आपलं' कॉलेज हरतं आणि त्या दिवशी मला जेवण जात नाही.

मी मखमलाबादची, फुलवाल्यांच्या घरातली. दसऱ्याचा झेंडू संपला की आमच्याकडे शेवंती उभी राहते आणि थंडी पडायला लागली की पहाटे तोडणीला बोटं बधिर होतात. त्या दिवशीही मी वाफ्यातच होते. फोन ओढणीत गुंडाळून कमरेला खोचलेला, तो एकसारखा थरथरत होता. दत्तूनं एक व्हिडिओ टाकला होता. कुठल्या तरी मैदानावरचा कुठला तरी पोरगा चढाईत सापडलेला. दोघांनी कमरेला मिठी घातलेली, एकानं पाय धरलेला. पोरानं हात वर केला. धरणाऱ्यांचे हात सैल पडले, आणि तो त्यांच्यातून सळकन सुटून मध्यरेषेला टेकला.

ग्रुप पेटला. मिलिंदनं लिहिलं, "हा खेळ आहे की फसवणूक?" दत्तू म्हणाला, "शिट्टी वाजनी का? नाही ना? मग खेळ चालूच शे." कोणी नियमाचं पान टाकलं, कोणी म्हणालं असल्या पोराला वर्षभर बसवून ठेवा, कोणी म्हणालं असल्या पोराला आधी आपल्या कॉलेजात आणा. शेवटी कोणीतरी लिहिलं, "अरे, हे तर आपल्या काशीनं तेव्हाच केलं होतं. पेटंट आपलं आहे." त्याखाली हसण्याचे पंधरा-वीस चेहरे आले.

मग एक करडी ओळ उमटली. काशी, म्हणजे काशिनाथ, ग्रुपमधून बाहेर पडला होता. इतकी वर्षं तो ग्रुपमध्ये होता आणि त्यानं एक अक्षर लिहिलं नव्हतं. परडीतली फुलं तशीच ठेवून मी बांधावर बसले.

कबड्डी न बघणाऱ्यांसाठी सांगते. चढाईला आलेल्या गड्याचं बोट तुम्हाला लागलं की तुम्ही बाद. कधीकधी ते इतकं निसटतं लागतं की पंचाला दिसत नाही. लागणाऱ्याला आणि लावणाऱ्यालाच ठाऊक असतं. तेव्हा ज्याला लागलं त्यानं आपण होऊन हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं, अशी जुन्या मैदानांवरची रीत. चढाईवाल्याचंही तेच. पाय रेषेबाहेर पडला, दम तुटला, काही लचकलं, तर हात वर करायचा. समोरचे सोडतात. मैदानाबाहेर मराठीत हात वर करणं म्हणजे अंग काढून घेणं, मला काही माहीत नाही म्हणणं. मैदानावर त्याचा अर्थ अगदी उलटा, हो, मला लागलं. एकाच भाषेत हे दोन अर्थ कसे नांदतात देव जाणे. मी दोन्ही अर्थांनी नापास झालेली बाई आहे.

ही रीत आमच्या कॉलेजात जिवंत ठेवली ती फक्कीसरांनी. खरं नाव वेगळं. पण मैदान आखायची चुन्याची पांढरी फक्की त्यांच्या बोटांना कायम लागलेली असायची, चष्म्याच्या काडीला, कानाच्या पाळीलासुद्धा. भल्या सकाळी ते स्वतः माती चाळायचे, पाण्याचा सडा मारायचे, दोरी ताणून रेषा मारायचे. ओल्या मातीचा आणि चुन्याचा तो वास थंडीत नाकात चढायचा. पोरं कुडकुडत यायची, शड्डू ठोकून मांड्या लाल करायची. सर एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगायचे, "पंचाला दिसलं नाही म्हणून लागलं नाही, असं नसतं."

ऐकायला छान आहे. पण आम्ही डाव्या बाजूचे लोक, आम्हाला जिंकायचं होतं. तुम्ही कधी हरणाऱ्या संघाच्या मागे वेडे झाला असाल तर कळेल. आमच्या पहिल्या दोन वर्षांत संघ एकदाही अंतिम सामन्यात पोचला नव्हता. नदीपलीकडच्या कॉलेजात पोरांना वसतिगृह होतं, बूट होते, पाठीवर नाव छापलेले कपडे होते. आमचे सर खेड्यात जाऊन पोरांना सांगायचे, "आमच्याकडे काही मिळणार नाही, पण खेळ शिकशील." अशानं पोरं येतात होय? दत्तू कपाळावर हात मारून म्हणायचा, "सर पोरगी पाहाले जातस आणि हुंडा नको सांगतस, वर घरबी नाही सांगतस." मिलिंद सरांच्या बाजूचा होता. त्याचे वडील औष्णिक केंद्रात पाळीवर जायचे, त्यामुळे त्याला शिस्तीचं कौतुक. "प्रेशर हळूहळू वाढवायचं असतं," तो म्हणायचा, "एकदम वाढवलं की फुटतं." मी दोघांवरही ओरडायचे. मला शिस्त नको होती आणि हुंडाही नको होता. मला फक्त एकदा, एकदाच, त्या कट्ट्यावर उभं राहून आपण जिंकलो असं ओरडायचं होतं.

काशी आला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट अजून डोळ्यापुढे आहे. उपांत्य सामना, शेवटचं मिनिट, दोन्हीकडे सारखे गुण. त्यांचा चढाईवाला परत जाता जाता आमच्या उजव्या कोपऱ्याच्या पोराला बोट घासून गेला. पंचानं पाहिलं नाही. चढाईवाला स्वतःही हळहळत परत चालला होता. आणि आमच्या पोरानं हात वर केला. एका गुणानं हरलो. सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, पांढरी पाच बोटं उमटली त्याच्या बनियनवर. आम्ही मात्र त्या पोराशी आठवडाभर बोललो नाही. इतका खरेपणा काय चाटायचाय, असं मी त्याच्या तोंडावर म्हणाले होते.

मग माझं शेवटचं वर्ष आलं, आणि काशी आला. सर कशासाठी तरी हरसूलला गेले होते, बाजाराच्या दिवशी. बाजारामागच्या उतारावर भाताची खळी होती, तिथे पोरं कबड्डी खेळत होती. त्यात एक लांब हातांचा, काटकुळा पोरगा. सर तिथेच बसले आणि शेवटची गाडी चुकेपर्यंत उठले नाहीत. त्याच्या आईनं एवढंच विचारलं म्हणे, "त्याला जेवायला काय देणार?" सर परत आले ते थेट आमच्या कट्ट्यावर. "पोरगा क्रीडा विभागाच्या खोलीत राहील. डबा कोण आणेल?" आम्ही सगळ्यांनी हात वर केले. तेव्हा हात वर करणं किती सोपं होतं.

गुरुवार माझा होता. पहिल्या गुरुवारी त्यानं माझी बाजरीची भाकरी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "ताई, ही लय करकरीत हाय. आमच्याकडं नागलीची मऊ असते." मी म्हटलं, "मऊ खाऊन पकडीतून सुटायचास कसा?" तो हसला नाही, त्यानं ते खरं धरलं आणि पुढचे सगळे गुरुवार एक तुकडाही टाकला नाही. डबा तो घासून आणायचा. रिकामा कधी आणला नाही. मूठभर आवळे, कधी एखादं लिंबू, एकदा नुसती रानातली चार पिवळी फुलं. फुलवाल्याच्या पोरीला फुलं देतोस होय, असं मी चिडवलं तर म्हणाला, "ही तुमच्याकडं पिकत नाय." तो मला मान देऊन बोलायचा आणि माझं बोलणं खरं मानायचा. दोन्हींची मला तेव्हा किंमत नव्हती.

काशीची चढाई बघणं हे सुख होतं. तो फार वेगानं जायचा नाही. मध्यरेषा ओलांडताना तोंडातल्या तोंडात दम धरायचा, तो इतका बारीक की पंचाला कान पुढे करावा लागे. मग खांदा एकीकडे, पाय दुसरीकडे. समोरचा खांद्याकडे गेला की पाय लागलाच म्हणून समजा. याला आम्ही हूल म्हणायचो. ही खरी हूल, कसबाची. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण तो एकटा होता. बाकीचा संघ यथातथाच. तो सापडला की आमचं सगळं आटपायचं, आणि साखळी सामन्यांत तो सापडायला लागला होता.

त्या गुरुवारी दुपारी कट्ट्यावर बसून आम्ही असेच जीव खाऊन भांडत होतो. पुढचा सामना हरलो की हंगाम संपणार होता, आणि माझं सगळंच. दत्तू म्हणत होता सरांना बदला. मिलिंद म्हणत होता सरांना बदलून काय होतंय. काशी बाजूला बसून माझा डबा खात होता. मी वैतागून म्हणाले, "सरांनी सगळ्या जिल्ह्याला पटवून ठेवलंय ना, की आपल्या पोराचा हात वर गेला म्हणजे तो खराच? मग एकदा खोटा वर करा की. समोरचे आपोआप सोडतील."

सगळे हसले. मीही हसले. काशीचा घास हातातच राहिला. "असं करता येतं, ताई?"

मी म्हटलं, "शिट्टी वाजेपर्यंत सगळं करता येतं."

एवढंच. तीस शब्दसुद्धा नसतील. पण शब्द कोणाच्या कानात पडतात त्याला महत्त्व असतं. दोन दिवस सायकल स्टँडच्या मागे आम्ही सराव केला. दत्तूनं कंबर धरायची, मिलिंदनं कुरकुरत पाय धरायचा, आणि पंच मी. काशी हात वर करायचा, नजर आमच्याकडे टाकायचा, आणि पकड ढिली पडली की सुटायचा. खोटा हात करताना तो दरवेळी आमच्याकडे बघायचा. लहान मूल आईकडे बघतं तसा, बरोबर जमतंय ना म्हणून. ते बघणं लक्षात ठेवायला हवं होतं.

सामन्यात ते असं जमलं की आम्हालाच खरं वाटेना. तिघांनी आवळलेला काशी, वर गेलेला तो लांब हात, आणि तिघांनीही एकदम सोडून दिलं. अर्थात सोडलं. आमच्या कॉलेजचा हात होता तो. तो मध्यरेषेला टेकला तेव्हा समोरची पोरं चिडलीसुद्धा नाहीत, नुसती बघत राहिली. एक जण म्हणाला, "अरे, तू हात वर केला होतास ना?" मी कट्ट्यावर उभी राहून किंचाळत होते, "हूल! हूल!" आमची सगळी बाजू तेच ओरडायला लागली. आम्ही जिंकलो आणि अंतिम सामन्यात पोचलो. मी रडले त्या दिवशी, आनंदानं. ते आठवलं की आता लाज वाटते.

संध्याकाळी सर कट्ट्यावर आले. बोटांना फक्की. आवाज चढवला नाही. "ही कल्पना कोणाची?" एवढंच विचारलं.

दत्तूनं मिलिंदकडे पाहिलं, मिलिंदनं चपलेकडे. मी डब्याचं झाकण लावत बसले. ते झाकण एकदाच लागलं असतं, मी चार वेळा लावलं. मला लागलं होतं. मला लागलं आहे हे मला ठाऊक होतं, आणि पंचाला दिसलं नव्हतं. माझा हात वर गेला नाही.

"माझी, सर," काशी म्हणाला.

सरांनी त्याचं मनगट धरलं. "या हाताला लोक मानतात ते तुझ्या आधीच्या पोरांमुळे. आता तुझ्या नंतरच्या पोरांनी काय करायचं?" सर गेल्यावर काशीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, डबा उचलला आणि नळावर घासायला नेला. मी त्याला निदान थँक्यू म्हणायला हवं होतं. तेही म्हटलं नाही.

अंतिम सामना नदीपलीकडे, त्यांच्या मैदानावर, भर दुपारी. थंडीतलं ऊन बोचत होतं. तोवर खोट्या हाताची बातमी सगळीकडे गेली होती. शेवटची काही मिनिटं, आम्ही दोन गुणांनी मागे, आणि काशी चढाईवर. डाव्या कोपऱ्याच्या पोरानं मांड्यांना मिठी घालून त्याचा पट काढला, दुसऱ्यानं कंबर धरली. काशीचा गुडघा आत वळला आणि त्यानं हात वर केला.

त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही. तो कोणाकडेच पाहत नव्हता. बोटं पसरलेली होती. मला ते दिसलं होतं का? इतकी वर्षं मी स्वतःला हेच विचारते आहे. दिसलं असेल. पण मला जिंकायचं होतं, आणि जे हवं असतं तेच माणूस पाहतं. मी ओरडले, "हूल!" पहिला आवाज माझा होता. मग आमची सगळी बाजू ओरडली. कोपऱ्याच्या पोराचे हात सुटायला लागले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आमचा ओरडा ऐकून त्यानं पुन्हा आवळलं. का नाही आवळणार? काशीच्याच माणसांनी सांगितलं होतं की हा हात खोटा आहे. तिसरा त्याच्या पायावर पडला. पंच वाकून कान पुढे करून काशीचा दम ऐकत होता. दम केव्हाच तुटला होता, पण आमच्या आवाजात त्याला काय ऐकू येणार? हात अजून वर होता. शेवटी फक्कीसरच कोणाला न विचारता मैदानात धावत गेले, तेव्हा शिट्टी वाजली. मग जी शांतता झाली तीत काशीचं कण्हणं स्पष्ट ऐकू आलं.

गुडघा गेला. प्लास्टर निघाल्यावर तो हरसूलला परतला तो पुन्हा कॉलेजात आला नाही. शेवटच्या गुरुवारी माझा डबा त्याच्याकडेच राहिला होता. मी तो आणायला गेले नाही. परीक्षा आहे म्हटलं, मग निकाल आहे म्हटलं, मग गावातच लग्न ठरलं. निमित्तांना तोटा नसतो. ग्रुपवर कधी विषय निघालाच तर सगळे त्या कोपऱ्याच्या पोराला शिव्या देतात, पाय मुद्दाम मुरगळला म्हणून. मी एकदाही म्हटलं नाही की तो बिचारा तर सोडत होता. दोन वर्षांपूर्वी फक्कीसर गेले. अंत्यदर्शनाला मी आमच्याच शेवंतीचा हार घेऊन गेले होते. बोटं स्वच्छ धुतलेली होती त्यांची, ओळखू आली नाहीत. त्यांना सांगायचं होतं ते तसंच राहिलं, आणि घरी येऊन मी भिंतीला टेकून बसले ती दिवेलागणीपर्यंत उठले नाही.

म्हणून ती करडी ओळ पाहिली तेव्हा मी घाबरले. आता सांगण्यासारखं एकच माणूस उरलं होतं आणि तेही दार ओढून घेत होतं. फोन केला, लागला नाही. पुन्हा केला, नाही. शेजारच्या वाफ्यातून भाऊ म्हणाला, अगं, ग्रुप तर लोक रोज सोडतात. मी म्हटलं, हा लोक नाही. तोडलेली फुलं त्याच्या गळ्यात मारली आणि सकाळची एसटी पकडली.

घाटात धुकं होतं. दोन्ही बाजूंना भाताची कापलेली खाचरं, त्यांत पिवळे खुंट. गाडीत मी वाक्यं जुळवत होते. काशी, त्या वेळी मी. काशी, मला एक सांगायचं होतं. प्रत्येक वाक्य दोन शब्दांनंतर बसकण मारायचं. हरसूलला उतरून विचारलं तर पानवाल्यानं लगेच सांगितलं, "काशिनाथ मास्तर? खळ्यावर असतील. पोरांना खेळवतात." मास्तर. मला हे ठाऊकच नव्हतं. मी त्याला मनातल्या मनात इतकी वर्षं नुसता अंथरुणावर झोपवून ठेवला होता.

बाजारामागचा तोच उतार असावा. खळं सारवून लख्ख केलेलं, रेषा चुलीच्या राखेच्या. दहा-बारा वर्षांची मुलंमुली, सात इकडे सात तिकडे. काशी रेषेवर उभा होता, उजवा पाय ताठ, बाहेरच्या बाजूला टाकलेला. डोक्यावरचे केस विरळ झालेले. मला पाहून त्यानं डोळे बारीक केले. "नंदाताई? तुम्ही इकडं कशा?" असं म्हणाला जणू मी मागच्याच गुरुवारी भेटले होते.

मी म्हटलं, "ग्रुप का सोडलास?"

"फोनची जागा भरते, ताई. इडिओ लय येतात." आणि तो खेळाकडे वळला. खांदा एकीकडे, पाय दुसरीकडे. ती हूल मी ओळखली.

तेवढ्यात चढाईला आलेल्या एका पोरानं, दोघांनी धरल्यावर, हात वर केला. सगळ्यांनी झटक्यात सोडलं. पोरगा खिदळत मध्यरेषेवर पळाला. काशीनं शांतपणे बोटं दाखवून त्याला दोन गुण दिले.

"खोटा होता तो," मी म्हटलं.

"ठावं हाय."

"मग गुण का दिलेस?"

"शिट्टी नव्हती ना वाजली." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "इथं नियम एकच हाय. हात वर गेला का सगळ्यांनी सोडायचं. खोटा असला तरी सोडायचं. गुण जातो तर जाऊ दे. मग एखाद्या दिवशी खरा असला, तर तेव्हा विचार करत बसायला नको."

मग म्हणाला, "बसा, चहा सांगतो," आणि पुसट झालेली रेषा पुन्हा मारायला राखेचं घमेलं घेऊन पलीकडच्या टोकाला गेला. पाय ओढत जात होता. त्या पायाचा मातीत एक लांब ओरखडा उमटत होता आणि मी तो बघत उभी होते. खेळ सुरू झाला. एक मुलगी दम घुमवत चढाईला निघाली. मला त्याला हाक मारायची होती. तोंड उघडलं, पण आवाज येईना. मैदानाच्या बाजूला उभं राहून इतकी वर्षं ओरडलेली बाई मी, आणि एक नाव निघेना. तो वाकून रेषा मारत होता. तो आता घरी जाईल, चहा येईल, पावसापाण्याच्या गोष्टी होतील, पाचची गाडी निघेल, आणि मग कधीच नाही, हे मला दिसत होतं. माझा हात वर गेला.

खेळ थांबला. चढाईतल्या मुलीनं दम सोडला. धरायला आलेल्यांनी हात मागे घेतले. सगळीच्या सगळी पोरं जागच्या जागी थांबून माझ्याकडे पाहायला लागली. त्यांच्यातल्या कोणालाही मी कोण, कशासाठी, असा प्रश्न पडला नाही. हात वर गेला होता, एवढं त्यांना पुरेसं होतं. खळ्यावर इतकं शांत झालं की काशीनं मान वर केली.

"ताई, कुठं लागलं?"

मग मी सांगितलं. हात तसाच वर ठेवून, सगळ्या पोरांसमोर सांगितलं. कल्पना माझी होती. सरांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले. ते तुला ठाऊक आहे. जे ठाऊक नाही ते हे की शेवटच्या सामन्यात त्या पोराचे हात सुटत होते. पहिली ओरडले ती मी. माझ्यामुळे त्यानं पुन्हा धरलं.

काशी घमेलं घेऊन तसाच उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग आला का, मी पाहत होते. काय आलं ते मला कळलं नाही. त्यानं हातातली राख झटकली. बोटं पांढरी राहिली.

"ताई बाद," तो पोरांना म्हणाला. "चला, खेळ चालू."

आणि तो पुन्हा वाकून रेषा मारायला लागला.

बाद झालेल्यांनी कुठे बसायचं हे मला कोणी सांगायला नको होतं. मैदानामागे, रेषेबाहेर, एकामागे एक. तिथे आधीच एक पोरगी बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. मी तिच्यामागे मातीत बसले. आपल्या बाजूनं गुण मिळवला की बाद झालेले एकेक करून परत आत येतात, ज्या क्रमानं बाहेर गेले त्या क्रमानं. हा नियम मला पाठ होता. पण माझी बाजू कोणती, आणि माझ्यासाठी गुण मिळवणार कोण, हे मला कळत नव्हतं, आणि माझे डोळे वाहायला लागले होते.

त्या पोरीनं मागे वळून माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मग म्हणाली, "आधी माझा नंबर हाय. मग तुमचा."

मी मान हलवली आणि बसून राहिले.